हेंद्रेपाडा ते वांद्रे : एका जुन्या रिसिव्हरमागची पायपीट

पाडा म्हटले की चार-दोन कौलारू घरे, एखादे चिंचेचे झाड आणि विहीर डोळ्यांपुढे येते. बदलापूर पश्चिमेच्या आमच्या हेंद्रेपाड्यात आता नावापुरताच पाडा उरला आहे. एकाला एक लागून इमारती उभ्या आहेत, खाली किराणा, झेरॉक्स, मोबाइल दुरुस्ती आणि पोळी-भाजी केंद्रे. सकाळी पाचपासून माणसे स्टेशनच्या दिशेने चालू लागतात आणि रात्री दहापर्यंत परतत राहतात. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथून 68 किलोमीटर. त्यामुळे इथल्या घरांत दिवस कमी आणि रात्र जास्त नांदते. जेवण, मुलांचा अभ्यास, टीव्ही, आई-वडिलांची विचारपूस, सगळे रात्री आठ ते अकरात उरकायचे. भिंती पातळ, वेळ तोच. एका घरातला आवाज दुसऱ्या घरात गेल्याशिवाय राहत नाही.

हे सगळे सांगायचे कारण म्हणजे आमच्या हॉलमधला एक काळा, जड डबा. दुकानदार त्याला ‘एव्ही रिसिव्हर’ म्हणतात, घरात त्याला ‘अ‍ॅम्प’ म्हणतात. 2009 साली धाकट्या भावाने पहिल्या नोकरीच्या बोनसमधून पाच स्पीकरांसह तो आणला होता. त्यावर घराने काय काय ऐकले! तिलावत, नात, कव्वाली, मुशायरे, विश्वचषकाचे सामने. भाऊ पुढे कामासाठी आखाती देशात गेला. डबा मात्र राहिला आणि घरातल्या एखाद्या माणसासारखा झाला.

उल्हास नदी इथून दूर नाही. खंडाळा-राजमाचीच्या डोंगरात उगम पावून कर्जत, नेरळवरून ती बदलापूरला येते. एरवी तिच्या काठी लोक फिरायला जातात, पावसाळ्यात मात्र तिच्याकडे भीतीने पाहतात. 26 जुलै 2005 ची आठवण इथल्या प्रत्येक घराला आहे. 27 जुलै 2019 रोजी पुन्हा तेच झाले. त्या दिवशी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. इकडे आमच्या तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरत होते. मेन स्विच बंद करून आम्ही आधी कुरआन शरीफ आणि कागदपत्रांची पिशवी माळ्यावर ठेवली, मग तांदळाची कोठी, मग गाद्या. तेवढ्यात अब्बा गुडघाभर पाण्यातून तो डबा छातीशी धरून आले. “पोराच्या पहिल्या कमाईचा आहे,” एवढेच म्हणाले. पाणी उतरल्यावर फ्रिज भंगारात गेला, सोफा गेला, डबा वाचला.

पण वय कुणाला चुकले आहे? दोन-तीन वर्षांपूर्वी त्याची तब्येत बिघडू लागली. सुरू केल्यावर ‘टक्’ असा आवाज यायला पाच-दहा मिनिटे लागत, मग एका बाजूचा स्पीकर बोले आणि दुसरा गप्प राही. आवाजाची गोल खुंटी फिरवली की खरखर. त्यातच जुना टीव्ही बंद पडला, नवा फोर-के टीव्ही आला. नवा टीव्ही आणि जुना डबा यांचे काही जमेना. शेवटी टीव्हीच्याच अंगच्या छोट्या स्पीकरवर भागवू लागलो.

आणि मग अब्बा हॉलमध्ये बसेनासे झाले. आधी ते आवाज वाढवायला सांगत. आम्ही वाढवला की पलीकडच्या भिंतीवर हलकी टकटक होई. शेजारची मुलगी दहावीला होती. तिची आई कधी रागाने बोलली नाही, उलट संकोचून म्हणायची, “काका ऐकतायत ना, असू दे.” त्या संकोचाचीच आम्हाला जास्त लाज वाटे. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपल्या दीनमध्ये किती ताकीद आहे, हे आपण जाणतोच. आवाज कमी केला की अब्बा थोडा वेळ पडद्याकडे पाहत, मग उठून आतल्या खोलीत जात. एकदा विचारले तेव्हा म्हणाले, “आवाज येतो रे, लफ्ज येत नाहीत.”

रमजान जवळ येत होता. मक्केच्या हरम शरीफमधली तरावीह टीव्हीवर थेट दिसते. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणजे आपल्याकडे ती रात्री अकराच्या सुमारास सुरू होते. अब्बा आपली नमाज मशिदीत अदा करून येतात आणि मग केवळ ऐकण्यासाठी बसतात. टीव्हीमागे नमाज होत नाही हे ते आम्हालाच समजावतात. त्यांच्यासाठी वर्षातला हा सर्वांत मोठा आनंद, आणि त्याच वेळी भिंतीपलीकडे परीक्षेची मुलगी झोपलेली. आम्ही ठरवले की अ‍ॅम्पचे काहीतरी करायचेच. भिशीचे 24,000 रुपये हाती आले होते. बजेट तेवढेच.

पहिली पायरी म्हणजे चकचकीत शोरूम. तिथल्या तरुणाने एक लांब साउंडबार लावून दाखवला. दुकान हादरले. किंमत आमच्या भिशीच्या दीडपट. “काळजी करू नका, नो कॉस्ट ईएमआय आहे, व्याज शून्य,” तो म्हणाला. आम्ही कागद मागितला आणि सवयीने शेवटपर्यंत वाचला. प्रोसेसिंग फी वेगळी, तिच्यावर कर वेगळा, शिवाय रोखीने घेतले तर मिळणारी सूट हप्त्यांवर मिळत नव्हती. म्हणजे व्याज नव्हते असे नाही, ते दुसऱ्या रकान्यात बसले होते. रिझर्व्ह बँकेनेही 2013 मध्येच बँकांना सुनावले होते की, शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. अशा व्यवहाराचा शरई हुकूम सांगायला आम्ही मुफ्ती नव्हे, ते आलिमांना विचारावे. पण मन ज्या ठिकाणी अडखळते तिथे सही करू नये, एवढे घरात शिकवले गेले आहे. आम्ही शुक्रिया म्हणून बाहेर पडलो.

दुसऱ्या रविवारी मुंबई गाठली. बदलापूरहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचे हे नाव. पाटीवर डॉ. भाडकमकर मार्ग लिहिले असले तरी वायर, सोल्डर आणि सुटे भाग घ्यायला जाणारा प्रत्येक जण जुनेच नाव घेतो. रविवारी तिथली बरीच दुकाने बंद असतात हे आमच्या ध्यानातच राहिले नाही. निम्मी शटर खाली होती. उघडी होती त्यांत फिरून एवढे कळले की, चांगल्या कंपनीचा नवा रिसिव्हर तीस-पस्तीस हजारांच्या खाली मिळत नाही. जुना वापरलेला स्वस्त मिळतो, पण त्याची हमी कोणी देत नाही.

एका वयस्क दुकानदाराने मात्र विकण्याआधी प्रश्न विचारले. तुमच्या रिसिव्हरला मागे चौकोनी झडप असलेले छिद्र आहे का? आतून लाल उजेड दिसणारी ‘ऑप्टिकल’ तार लागते ते. आम्ही मोबाइलवरचा फोटो दाखवला. होते. मग त्याने कागदाच्या कपट्यावर आकृती काढून समजावले. टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्याच तारेतून उलटा रिसिव्हरकडे पाठवण्याची सोय, म्हणजे ‘एआरसी’, 2009 मध्ये एचडीएमआयच्या 1.4 आवृत्तीत आली. तुमचा डबा त्याच वर्षी घेतलेला, म्हणजे त्याच्या आधीच्या आवृत्तीचा. त्याच्यामधून फोर-के चित्रही जाणार नाही. म्हणून चित्राचे काम त्याच्याकडून काढून घ्या. सेट-टॉप बॉक्स थेट टीव्हीला जोडा आणि टीव्हीच्या मागून ऑप्टिकल तार डब्याला द्या. पाच स्पीकरांचा डॉल्बी डिजिटल आवाज त्या तारेतून व्यवस्थित जातो. छतावरून आवाज येणारे नवे प्रकार हवे असतील तर मात्र नवा डबा लागेल. “पण बातम्या आणि तिलावत छतावरून ऐकायची आहे का?” त्याने हसत विचारले. तार 350 रुपयांची. तेवढीच घेऊन आम्ही परतीची गाडी पकडली. गाडीत बसल्यावर मनात आले की, पस्तीस हजारांचा वाटलेला प्रश्न साडेतीनशे रुपयांवर आला. पण डब्याची टकटक आणि खरखर बाकी होती.

तिसरा प्रवास जवळचा, दोनच स्टेशनांचा : बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर. दहा किलोंचा डबा जुन्या चादरीत बांधला आणि गर्दी ओसरल्यावर अकराची गाडी धरली. अब्बा हट्टाने सोबत आले. उल्हासनगरचा इतिहास त्यांना तोंडपाठ. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, ‘कल्याण कॅम्प’, फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या लोकांना देण्यात आली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी पायाभरणी केली आणि नदीवरून गावाला उल्हासनगर हे नाव मिळाले. पत्ते आजही कॅम्पच्या आकड्यांनीच सांगतात. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण सर्वांनी केलेला असतो. पण ज्यांचे सगळे मागे राहिले त्यांनी हाताशी येईल त्या वस्तूतून नवी वस्तू कशी उभी करायची हे शिकून घेतले, त्यामागे एवढा इतिहास आहे.

दुरुस्तीचे दुकान म्हणजे अरुंद खोली. भिंतीवर उघडे टीव्ही, टेबलावर सोल्डरचा धूर, आणि साठीचे एक काका. भिंतीवरच्या जुन्या फ्रेममध्ये सिंधी मजकूर होता. सिंधी आपल्या उर्दूसारखीच अरबी वळणाच्या लिपीत लिहितात. अब्बा मोठ्याने वाचू लागले. अक्षरे ओळखीची, अर्थ मात्र निम्माच लागत होता. काकांनी हातातले काम ठेवले. “मेरे बाप के हाथ का लिखा है,” ते म्हणाले. मग चहा आला.

डबा उघडला तेव्हा आत राखाडी धुळीची गादीच होती. काकांनी ब्रशने ती झाडली आणि एकेक गोष्ट दाखवली. गोल डबीसारखे कपॅसिटर असतात, त्यांच्या आतला ओलावा उष्णतेने वाळतो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते. आम्ही डबा टीव्हीच्या बंद कपाटात कोंडून ठेवला होता, वर क्रोशाचा रुमालही घातला होता! दोन कपॅसिटर माथ्यावर फुगले होते. सुरू होताना ‘टक्’ करणारा भाग म्हणजे रिले. तो स्पीकरची वाट उघडतो. त्याच्या आतल्या संपर्कावर काळा थर चढला होता, म्हणून एक बाजू गप्प. खुंटीची खरखर म्हणजे नुसता मळ, स्प्रेने साफ होणारा. “मेन ट्रान्सफॉर्मर अच्छा है. असली माल तो वही है,” काका म्हणाले. सगळ्या कामाचे त्यांनी 2,200 रुपये सांगितले. त्यांनी एक सूचनाही केली, ती इथे देऊन ठेवतो. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही वेळ वीज साठून असते. यूट्यूबवर पाहून घरी झाकण उघडू नये.

चार दिवसांनी आणायला गेलो. काकांनी स्पीकर जोडून मोबाइलमधून एकेक सूर वाजवला, आधी जाड, मग मधला, मग बारीक. जाड आणि मधल्या सुरावर अब्बांनी मान हलवली. मग शिट्टीसारखा टोकदार सूर आला. आम्हाला तो कानात टोचला. अब्बा शांतपणे स्पीकरकडे पाहत होते, सूर कधी सुरू होतो याची वाट पाहत. काकांनी पुन्हा वाजवला. अब्बांनी आमच्याकडे पाहिले आणि आमच्या चेहऱ्यावरून त्यांना कळले की सूर वाजून गेला.

“चाचाजी,” काका हळूच म्हणाले, “मशीन तो बन गया. अब कान दिखाओ.”

परतीच्या गाडीत कोणी फारसे बोलले नाही. वर्गात इम्ला घालताना आम्ही हे रोज पाहतो. मागच्या बाकावरच्या मुलाला स्वर ऐकू जातात, पण ‘सीन’चा ‘शीन’ होतो, ‘फे’ची ‘ते’ होते. वय वाढते तसे कान आधी बारीक सूर गमावतात, आणि स, श, फ, त यांसारख्या व्यंजनांचा पुष्कळसा भाग त्याच बारीक सुरांत असतो. माणसाला बोलणे चालू आहे हे कळते, पण काय बोलले ते कळत नाही. आवाज येतो, लफ्ज येत नाहीत. अब्बांनी तर आधीच सांगितले होते. आम्ही ते डब्याचे वर्णन समजलो, खरे तर ते त्यांच्या कानाचे होते. मुलांच्या चुकलेल्या इम्ल्यावरून कान तपासायला सांगणारे आम्ही, घरातल्या माणसाच्या बाबतीत दोन वर्षे दुकाने शोधत फिरलो.

म्हणून चौथा प्रवास वांद्र्याचा. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, 1983 मध्ये स्थापन झालेली केंद्र सरकारची संस्था. अली यावर जंग हे उस्मानिया आणि अलिगढ या दोन्ही विद्यापीठांचे कुलगुरू होते आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल. आपल्यापैकी किती जणांना हे नाव ठाऊक आहे? आम्हालाही पाटी वाचेपर्यंत धड ठाऊक नव्हते. अब्बांना मात्र होते. बंद खोलीत कानाला हेडफोन लावून तपासणी झाली. कागदावर एक रेघ आली, डावीकडे ठीक आणि उजवीकडे घसरत गेलेली. तपासणाऱ्या ताईंनी समजावले की हे वयाचे आहे, औषधाने परत येणार नाही, पण यंत्राने बराच फरक पडेल. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना पात्रतेनुसार ‘एडिप’ या केंद्रीय योजनेतून श्रवणयंत्र मिळते, त्याची चौकशी जरूर करावी. जाहिरातीतले स्वस्त ‘कानाचे मशीन’ सगळेच आवाज सारखे मोठे करते. ते तपासणीशिवाय लावू नये. आमच्या भिशीतून दुरुस्ती, तार आणि गाडीभाडे वजा जाता जे एकवीस हजारांच्या आसपास उरले होते, ते एका कानाच्या यंत्राला लागले. दुसऱ्या कानासाठी पुढची भिशी.

डब्याचेही बाकीचे काम घरी केले. ज्यांच्याकडे असा जुना संच असेल त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो. डबा कपाटाबाहेर काढला, वर वीतभर मोकळी जागा ठेवली. संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतो, तो फळीच्या आत ढकललेला होता. तो कडेला आणून, खाली घडी घातलेला कागद सारून कानाच्या दिशेने किंचित वर केला. रिसिव्हरच्या सेटिंगमध्ये मधल्या स्पीकरची पातळी तीन डेसिबलने वाढवली आणि धमधम करणारा वूफर रात्रीसाठी बंद केला. भिंतींतून पलीकडे जातो तो मुख्यतः त्याचाच आवाज. ‘नाइट मोड’ असेल तर लावावा, त्याने कुजबुज वर येते आणि धमाका खाली बसतो. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ असेल तर ऑप्टिकल तारेतून दोनच बाजूंचा आवाज येतो. तिथे ‘ऑटो’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ निवडावे. बातम्यांसारखे कार्यक्रम मुळात दोन बाजूंचेच असतात, त्यांना रिसिव्हरवर ‘प्रो लॉजिक’ लावले की बोलणे मध्ये येते. स्पीकर बदलायचे असतील तर रिसिव्हरच्या मागे लिहिलेल्या ओहमच्या आकड्यापेक्षा कमी ओहमचे जोडू नयेत. फरशीवर जाड सतरंजी, खिडकीला जाड पडदा. या दोन वस्तू घरात होत्याच, आणि खोलीतला घुमारा त्यांनीच कमी केला.

जुने ते सगळे जपावे असे आमचे म्हणणे नाही. ट्रान्सफॉर्मर जळला असता तर डबा ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात दिला असता. त्याच्या जोडांत शिसे असू शकते, ते नदीकाठच्या उकिरड्यावर नको. पण दुरुस्तीत कमीपणा कसला? हजरत आयेशा (रजि.) यांच्या रिवायतीत येते की, हुजूर (सल्ल.) आपली पादत्राणे स्वतः दुरुस्त करीत. इस्राफ म्हणजे फक्त ताटात टाकलेले अन्न नव्हे, चालण्याजोगी वस्तू फेकून हप्त्याने दुसरी आणणे हाही त्याचाच प्रकार.

बदलापूर नावाची एक कथा जुने लोक सांगतात. या वाटेने जाणारे स्वार इथे थकलेले घोडे बदलत, म्हणून बदलापूर. आम्हीही बदलायलाच निघालो होतो.

2025 च्या रमजानच्या पहिल्या रात्री अकरा वाजता टीव्ही लागला. आवाज इतका कमी की आम्हाला पंखा बंद करावा लागला. अब्बा कानातल्या यंत्राशी थोडे चाचपडले. ते अजून त्यांना खुपत होते आणि ताटांचा खणखणाट फार मोठा लागतो अशी तक्रार होती. मग हळूहळू त्यांचे ओठ इमामांबरोबर हलू लागले. एका आयतीवर थांबून त्यांनी आम्हाला तिचा अर्थ सांगितला. अर्थ आम्हाला माहीत होता, तरी आम्ही तो पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा ऐकला.

दुसऱ्या दिवशी इफ्तारची फळे घेऊन शेजारी गेलो. दहावीच्या मुलीची आई म्हणाली, “काल काकांनी टीव्ही लावला नाही वाटतं? तब्येत बरी आहे ना?”